रोजचे 5 तास 47 मिनिटं, आणि आठवत काहीच नाही

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालं असं की परवा रविवारी सकाळी फोनने तो आठवड्याचा रिपोर्ट दाखवला, जो मी एरवी न बघताच बाजूला सरकवते, पण या वेळी चुकून बोट लागलं आणि उघडला. रोजची सरासरी 5 तास 47 मिनिटं. आधी वाटलं काहीतरी गडबड आहे, मॅप चालू राहिला असेल नाहीतर गाणी मोजली असतील. मग आत जाऊन बघितलं. मॅप आठवड्याचा सगळा मिळून 40 मिनिटं, आणि गाणी स्क्रीन बंद असताना वाजतात ती धरलेलीच नाहीत. बाकी सगळी मीच.

त्याच्या आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं की तू किती वेळ फोन बघतेस, तर मी छातीठोकपणे दोन तास म्हटलं असतं, अगदीच खोदून विचारलं तर अडीच. खोटं बोलले नसते, मला खरंच तेवढंच वाटत होतं.

मी घरून काम करते, भाषांतर आणि मुद्रितशोधन, पण ते लॅपटॉपवर, त्यामुळे हे 5:47 कामाचे नाहीत हे आधीच सांगून टाकते. लॅपटॉपचे वेगळे आठ तास आहेतच. मग नको तो हिशोब केला, 5:47 गुणिले 365, म्हणजे साधारण 2110 तास, म्हणजे जवळजवळ 88 दिवस. वर्षातले तीन महिने रात्रंदिवस मी फोनकडे बघत बसलेली असते. हे डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय.

पण मला आकड्यापेक्षा वेगळंच काहीतरी खटकतंय. काल रात्री साडेदहा ते पावणेबारा मी फोन घेऊन पडले होते, आणि आज सकाळी ठरवून आठवायचा प्रयत्न केला की काय बघितलं. एक माणूस गंजलेली कुऱ्हाड घासून लख्ख करत होता. एक मांजर. कुणाचं तरी कुणाशी तरी भांडण, कशावरून ते माहीत नाही. आणि मग पाटी कोरी. सव्वा तासातली चार मिनिटं आठवतायत, आणि गंमत म्हणजे बघताना मजा येत होती असंही नाही, कंटाळाच येत होता पण अंगठा चालू होता.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे हा आकडा खरंच काळजी करण्यासारखा आहे की मी उगाच डोक्यात घेतलंय. आणि दुसरं, तुमच्यापैकी कुणाला काही खरोखर लागू पडलंय का, तीन दिवस नाही, टिकलेलं. "फोन दुसऱ्या खोलीत ठेव" हे कृपया सांगू नका. ठेवते. मग थोड्या वेळाने मीच दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

---

रात्रपाळी

5:47 वर धागा काढलास होय, माझे 7 तास 20 मिनिटं आहेत आणि मी अजून जिवंत आहे 😅 वाचतेय, काही उपाय सापडला तर मलाही हवाय. खिशात फोन नसताना मांडीला व्हायब्रेशन जाणवतं ते होतं का कुणाला? मला ड्यूटीवर रोज होतं, आणि तिथे फोन लॉकरमध्ये असतो.

---

बग_आणि_मी

@रात्रपाळी, त्याला नावसुद्धा आहे, फँटम व्हायब्रेशन. 2012 च्या एका अभ्यासात कॉलेजच्या 290 मुलांना विचारलं होतं, 89 टक्के म्हणाले की होतं. त्यातल्या बहुतेकांना त्याचा फारसा त्रासही वाटत नव्हता, म्हणजे घाबरायचं कारण नाही. धाग्यावर सविस्तर संध्याकाळी लिहितो.

---

शंकासुर

सगळ्यात आधी तो 88 दिवसांचा हिशोब बाजूला ठेवा. रोज आठ तास झोपलात तर वर्षाचे 121 दिवस होतात, चार महिने, मग "मी वर्षातले चार महिने आडवी असते" असा धागा काढणार का? 365 ने गुणलं की कुठलाही आकडा राक्षस दिसतो. दात घासायची मिनिटं गुणून बघा.

दुसरं, हे 5:47 म्हणजे एक गोष्ट नाहीच. त्यात बहिणीशी व्हिडिओ कॉल असेल, बँकेचं काम असेल, बातम्या असतील, पीडीएफ वाचलेली असेल, वेळ बघितली असेल. पूर्वी या कामांना वर्तमानपत्र, कॅमेरा, गजराचं घड्याळ, पत्त्यांचा कॅट, टॉर्च, बँकेतली रांग असं सगळं वेगवेगळं होतं आणि कुणी त्याची बेरीज करून दर रविवारी तुमच्या तोंडावर फेकत नव्हतं. आता सगळं एका काचेखाली आलंय म्हणून बेरीज दिसते इतकंच. हे मोजणारे मीटरसुद्धा 2018 पासूनचे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आणि अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग, दोन्ही त्याच वर्षी आले. त्याआधी लोक फोन बघत होतेच, फक्त आकडा नव्हता म्हणून अपराधीपणाही नव्हता.

आणि कृपया इथे कुणी "मोबाइलचं व्यसन हा आजार आहे" सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू आहे, तिच्यात गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचं व्यसन असं निदान नाही. आणि गेमिंगच्या बाबतीतही ते तास मोजत नाहीत बरं का. स्वतःला आवरता येतं का, बाकीच्या सगळ्या गोष्टी मागे पडून तीच पुढे आलीय का, नुकसान होतंय हे दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, असं बघतात. तुम्ही काम वेळेवर देता, झोपता, माणसांशी बोलता? मग रिपोर्ट पुन्हा बाजूला सरकवा आणि मजा करा.

---

अर्धविराम

@शंकासुर, मुद्दा पटतोय, पण "मजा करा" तिथेच तर अडतंय ना. मजा येत असती तर धागा काढलाच नसता. गेल्या महिन्यात दोन कामं उशिरा दिलीत, झोप साडेबाराच्या आत नाही, आणि बहिणीशी व्हिडिओ कॉल आठवड्यातून 20 मिनिटं. बाकीचे 40 तास कुऱ्हाडवाल्याला.

---

शंकासुर

बरं, दोन कामं उशिरा हे आधी सांगायचं. मग माझं अर्धं मत मागे घेतो. अर्धंच.

---

बग_आणि_मी

आलो. मी ॲप्स बनवतो, म्हणजे त्या बाजूला बसतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. लांबण लागेल.

फोन उचलल्यावर आपण जी एक क्रिया सगळ्यात जास्त करतो, बोटाने स्क्रीन खाली ओढायची आणि सोडायची की नवीन काहीतरी येतं, ती कुणीतरी बसून सुचवलेली आहे. लोरेन ब्रिक्टर नावाच्या डेव्हलपरने ती ट्वीटी नावाच्या ॲपसाठी केली, ते ॲप 2010 मध्ये ट्विटरने विकत घेतलं आणि मग ती पद्धत सगळीकडे पसरली. आणि स्क्रोल करताना पान कधी संपतच नाही ते एझा रास्किनचं, 2006 मधलं. त्या वेळी उद्देश अगदी साधा होता, "पुढचं पान" या बटणावर क्लिक करायचा त्रास वाचावा. नंतर त्याने स्वतःच जाहीरपणे याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केलाय. बटण होतं तेव्हा काय व्हायचं, तर पानाच्या तळाशी आल्यावर अर्धा सेकंद थांबावं लागायचं, आणि त्या अर्ध्या सेकंदात "बास, झोपू आता" हा विचार यायला जागा मिळायची. ती जागाच गेली. वाटीचं बूडच काढून घेतल्यावर वाटी रिकामी झाली हे कळणार कसं.

दुसरी गोष्ट जुनी आहे, स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेली. दर वेळी कळ दाबली की दाणा मिळतो असं असेल तर प्राणी भूक लागेल तेव्हा दाबतो. पण कधी मिळेल ते ठरलेलं नसेल, कधी तिसऱ्यांदा, कधी चाळीसाव्यांदा, तर तो दाबतच राहतो, आणि दाणा बंद झाला तरी बराच वेळ दाबत राहतो. आता स्क्रीन खाली ओढून सोडायची क्रिया आठवा. काही नाही, काही नाही, काही नाही, अरे मेसेज. अर्धविराम, तुम्हाला बघताना कंटाळा येत होता तरी अंगठा चालू होता ते यातच बसतं. मजा रोज यावी लागत नाही, अधूनमधून आली तरी पुरते.

पण म्हणून "आपल्याला कटकारस्थानाने अडकवलंय" हेही मला पटत नाही. मी अशा मीटिंगांमध्ये बसलोय. तिथे राक्षस कुणी नसतं, पंचविशी-तिशीतली पोरं असतात, समोर रोजच्या युजर्सचा आलेख असतो, तो वर गेला की सगळे खूश, खाली गेला की सगळ्यांची तोंडं उतरतात आणि कुणीतरी म्हणतं "एक नोटिफिकेशन वाढवून बघूया का?" मीही म्हटलंय एकदा. आलेख वर गेला. त्या नोटिफिकेशनमुळे कुणाची झोपमोड झाली असेल हा विचार खरं सांगतो तेव्हा आला नाही, आत्ता हे टाइप करताना येतोय.

तर आता कामाचं. एकूण तासांचा आकडा बघू नका, शंकासुर म्हणतात ते बरोबर आहे, तो मिसळलेला आकडा आहे. तुमचा आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये आत खाली "पिकअप्स" असतं, म्हणजे दिवसात फोन किती वेळा उचलला. आणि त्याच्या खाली एक यादी असते, उचलल्यावर सगळ्यात आधी कुठलं ॲप उघडलं त्याची. ती बघा. तासांपेक्षा ती यादी जास्त बोलते, कारण तुम्ही फोन कशासाठी उचलला ते तिथे दिसतं, नंतर कुठे वाहवत गेलात ते नाही. अँड्रॉइडवाल्यांना अनलॉक किती वेळा केला तो आकडा मिळतो, तोही चालेल.

---

डिटॉक्स_गुरू

फक्त 21 दिवसांत मोबाइलच्या गुलामीतून मुक्ती!! माझ्या चॅलेंज ग्रुपला जॉइन व्हा, रोज सकाळी 6 वाजता ग्रुपवर हजेरी, लिंक प्रोफाइलमध्ये आहे 🙏

---

शंकासुर

फोन कमी करायला फोनवर अजून एक ग्रुप, आणि त्यावर सकाळी सहाला हजेरी. वा.

---

अर्धविराम

@बग_आणि_मी, बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

पिकअप्स रोजचे 112. उचलल्यावर पहिलं ॲप, एक नंबरला मेसेज, 41 वेळा, ते ठीक आहे, सगळ्यांचंच असेल. दोन नंबरला काय असेल सांगा. हवामान. 19 वेळा. मी घरून काम करते हो, दोन दोन दिवस बाहेर पडत नाही, मला पावसाशी काय घेणंदेणं? आणि व्हिडिओंचं ॲप, ज्याच्यात सगळे तास जातात, ते पहिलं म्हणून फक्त 6 वेळा. म्हणजे मी कधीच "चला आता व्हिडिओ बघूया" असं म्हणून फोन उचलत नाही. हवामान बघायला उचलते, ते दोन सेकंदांत बघून होतं, आणि मग फोन हातात असतोच.

---

बग_आणि_मी

हवामान म्हणजे तुमचा दरवाजा आहे 😄 साळसूद कारण. प्रत्येकाचं एक असतं, माझं कॅलेंडर आहे.

---

जुनं_घड्याळ

अर्धविराम, तुमचा धागा वाचला आणि लिहावंसं वाटलं. मी 68 वर्षांचा, निवृत्त, टायपिंग हळू आहे, चुका पदरात घ्या.

आमच्याकडे उलटी गंगा आहे. मुलगा मागच्या वेळी आला तेव्हा माझा फोन घेऊन काहीतरी करत बसला, आणि जाताना म्हणाला, "बाबा, व्हिडिओंना रोज एक तासाची लिमिट लावलीय, पासकोड माझ्याकडे आहे." मी म्हटलं अरे काय हे. तर म्हणाला, "तुम्ही माझ्या दहावीत टीव्हीची वायर काढून कपाटात कुलूप लावून ठेवायचात, आठवतंय का?" आठवतंय. वायर अजून कुठेतरी असेल. तीस वर्षांनी सूड घेतला पोराने.

आता खरं सांगतो. बायको गेल्यापासून संध्याकाळी सहा ते नऊ हे तास फार लांब होतात. दिवस निघून जातो काही ना काही करण्यात, पण ते तीन तास जाता जात नाहीत. त्यात हा फोन नसता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. एका अनोळखी माणसाबरोबर फोनवर बुद्धिबळ चालतं, दिवसाला एक चाल त्याची, एक माझी. तो कोण, कुठला, वय काय, काही ठाऊक नाही, पण उंट फार छान खेळवतो. मी दिवसभर त्या एका चालीचा विचार करतो, फोन खिशात असतो आणि पट डोक्यात. तुमच्या त्या रिपोर्टात याची दिवसाला तीन मिनिटं दिसत असतील फार तर. तर तीन मिनिटं ही नोंद आणि माझा सगळा दिवस ही वस्तुस्थिती, असा तो हिशोब आहे.

पण रात्री मला झोप येत नाही म्हणून जे व्हिडिओ बघत होतो ते वेगळं. त्याचे दोन-दोन तास व्हायचे, आणि सकाळी उठलो की मान आखडलेली आणि मनात कुणाचा तरी राग, कुणाचा ते आठवायचं नाही. मुलाने लिमिट लावल्यावर पहिले आठ दिवस मी त्याच्यावर चिडलो होतो, फोन केला तरी तुटक बोललो. आता रात्री रेडिओ लावतो. झोप तशीही उशिराच येते, पण सकाळी कुणाचा राग येत नाही.

---

रात्रपाळी

काका 🙏 मान आखडलेली आणि राग, हे अगदी अगदी झालं. पासकोड दुसऱ्याकडे द्यायचा हे भारी आहे, मी आज नवऱ्याला सांगते. अर्थात तो माझ्याहून वाईट आहे, त्याचा पासकोड कुणाकडे द्यायचा हा प्रश्न आहेच.

---

दोन_वेण्या

पासकोड स्वतःकडे असेल तर लिमिटचा काडीचा उपयोग नाही हे मी लिहून देते. मी लावली होती, अर्धा तास. वेळ संपली की स्क्रीन पांढरी होते, वाळूचं घड्याळ येतं, खाली बटण असतं, ते दाबलं की विचारतं एक मिनिट हवंय, की 15 मिनिटांनी आठवण करू, की आज सोडूनच देऊ. पहिले दोन दिवस मी खरंच थांबले. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या अंगठ्याला ती बटणं पाठ झाली होती, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायच्या आत 15 मिनिटं मिळालेली असायची. महिन्याभराने तर ती पांढरी स्क्रीन आली होती की नाही हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

मग काळा-पांढरा स्क्रीन केला, ते खरंच चाललं बरं का, नऊ दिवस. सगळं जुन्या पेपरसारखं दिसतं, बघावंसंच वाटत नाही. पण मग लेकीचे फोटो तिच्या आजीला दाखवायला रंगीत केला आणि परत काळा-पांढरा करायचा राहिला तो राहिलाच.

मला जे टिकलं ते फार फालतू आहे, हसू नका. मी व्हिडिओंच्या ॲपची जागा बदलली आणि तिथे कॅल्क्युलेटर ठेवला. बास. पुढच्या आठवड्यात मी कॅल्क्युलेटर किती वेळा उघडला असेन, रोज वीस-पंचवीस वेळा सहज. फोन उचलायचा, अंगठा आपोआप तिथे, आणि समोर शून्य. प्रत्येक वेळी मला स्वतःचं हसू यायचं. ते ॲप अजून आहे फोनमध्ये, शोधून उघडता येतं, पण शोधायचं म्हणजे नाव टाइप करावं लागतं, आणि नाव टाइप करेपर्यंत बऱ्याचदा लक्षात येतं की मला बघायचंच नव्हतं काही.

हे का केलं ते सांगते. माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिच्याकडे लाकडी ठोकळे आहेत, त्यातला एक चपटा ठोकळा तिचा फोन आहे. आम्ही लहानपणी फोन-फोन खेळायचो तेव्हा हॅलो हॅलो म्हणत कानाला लावायचो ना. ती कानाला लावत नाही. मांडीवर धरते, मान खाली, आणि अंगठा वर वर सरकवत बसते, तोंडातून शब्द नाही. मी विचारलं काय खेळतेयस, तर म्हणाली "आई आई."

---

रात्रपाळी

😶

---

शंकासुर

@दोन_वेण्या, यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. कॅल्क्युलेटर मात्र आजच हलवतो.

---

बग_आणि_मी

कॅल्क्युलेटरची आयडिया जबरदस्त आहे, आणि त्यात तोच अर्धा सेकंद परत आणलाय तुम्ही, जो "पुढचं पान" बटणाबरोबर गेला होता. आता एक राहिलेलं, अर्धविरामने सुरुवातीला म्हटलं होतं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून उपयोग नाही. 2017 मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांचा एक पेपर खूप गाजला होता, फोन सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवला तरी माणसाची डोक्याच्या कामातली कामगिरी थोडी घसरते, दुसऱ्या खोलीत असला की बरी होते असा. सगळीकडे तो अंतिम सत्य असल्यासारखा सांगतात, पण नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना तोच निकाल मिळालेला नाही. त्यामुळे तुम्हाला नाही जमलं तर तुमच्यातच काहीतरी खोट आहे असं समजू नका.

---

अर्धविराम

मंडळी, सहा दिवसांनी परत आले. त्यातले तीन दिवस मी एक प्रयोग केला, तो सांगायला.

हवामानाच्या त्या 19 मुळे मला राहवेना, म्हणून ठरवलं की प्रत्येक वेळी फोन उचलला की कागदावर वेळ आणि कारण लिहायचं. ॲपमध्ये नाही, कागदावर, कारण ॲपमध्ये लिहायला गेले तर परत फोन हातात. पहिल्या दिवशी रात्री मोजलं, कागदावर 31 नोंदी. फोनमध्ये पिकअप्स 96. म्हणजे लक्ष ठेवायचं असं पक्कं ठरवून, शेजारी कागद ठेवून, दोन तृतीयांश वेळा मला पत्ताच नव्हता की मी फोन उचललाय. यावर शोधाशोध केली तर 2015 मध्ये ब्रिटनमध्ये 23 तरुणांवर असाच अभ्यास झाला होता, दोन आठवडे फोननेच नोंद ठेवली, तर दिवसाला सरासरी 85 वेळा वापर, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळा 30 सेकंदांपेक्षा कमी. किती वेळा उचलतो याचा त्या लोकांचा स्वतःचा अंदाज निम्म्याहून कमी होता. हे वाचून जरा बरं वाटलं, का ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मग कागद घडी करून फोनलाच रबरबँडने बांधला, पेन्सिलचा तुकडाही त्यातच खोचला. आता उचलला की आधी रबरबँड काढायचं, लिहायचं, मग उघडायचा. उचलणं 96 वरून 44 वर आलं, काहीही न ठरवता, नुसत्या रबरबँडने.

पण खरी गंमत कारणांच्या रकान्यात आहे. मला वाटलं होतं "कंटाळा" येईल सगळीकडे. कंटाळा तीन दिवसांत सहा वेळा. "माहीत नाही" बरंच आहे. आणि मग हे बघा, जसंच्या तसं उतरवतेय,

11:20 – वाक्य अडलं
11:34 – तेच वाक्य
12:05 – शब्द सापडेना
3:12 – वाक्य अडलं
3:15 – हवामान
3:16 – वाक्य अडलं
4:40 – क्लाएंटला उत्तर द्यायचंय, नको वाटतंय

आता यात रिकामा वेळ कुठे आहे? मी रिकामी असते तेव्हा फोन कमीच घेते, लिफ्टमध्ये, रांगेत वगैरे जे आपण म्हणतो ते फार नाही निघालं. मी तो घेते काम अवघड होतं त्या मिनिटाला. ज्या मिनिटाला वाक्याशी झुंजायला हवं तिथून मी हळूच सटकते, हवामानाच्या दारातून, आणि परत येते तेव्हा 20 मिनिटं गेलेली असतात आणि वाक्य तिथेच असतं. ती दोन कामं उशिरा का गेली तेही तिथेच लिहिलंय. आणि मी इतके दिवस समजत होते की माझा प्रश्न रात्रीच्या कुऱ्हाडवाल्याचा आहे. तो आहेच, पण तो दमलेल्या माणसाचा आहे, त्याच्यावर माझा एवढा राग नाही राहिला आता.

सध्या केलंय एवढंच, हवामानाचं ॲप काढून टाकलं, व्हिडिओंच्या जागी कॅल्क्युलेटर (धन्यवाद दोन_वेण्या, काल 14 वेळा उघडला), आणि वाक्य अडलं की खुर्चीतून उठून ते मोठ्याने म्हणत खोलीत फेऱ्या मारते. शेजारच्यांना काय वाटत असेल देव जाणे. या आठवड्याचा रिपोर्ट 4 तास 31 मिनिटं. पुढच्या आठवड्यात परत वाढेल कदाचित, रबरबँड तुटलंय.

---

जुनं_घड्याळ

छान केलंत. एक विचारतो, रागावू नका. त्या कागदावर हा धागा कितीदा उघडला त्याची नोंद आहे का?

---

अर्धविराम

आहे काका. तीन दिवसांत 22 वेळा. त्यातल्या 17 वेळा नवीन काहीच आलेलं नव्हतं.